कानासाठी लिहिताना : परळच्या ध्वनिकथा कार्यशाळेच्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

सोमवारी शाळा उघडताहेत. त्याआधी पहिली बैठक व्हायला हवी होती, ती आज झाली. वाचनालयाच्या माळ्यावरची खोली दर शनिवारी तीन ते सहा आपल्याकडे राहील. मुलं सोळा, सातवी ते दहावीतली. परळ, नायगाव, लालबाग, काळाचौकी इथली. बहुतेक मराठी शाळांतली, तिघं-चौघं इंग्रजी माध्यमातली.

ठरलेलं काम असं : चार गट, प्रत्येक गटाची पाच ते सात मिनिटांची एक ध्वनिकथा. लिहायची मुलांनी, बोलायची मुलांनी, कापायची-जोडायचीही मुलांनीच. लेखनाकडे मी बघणार. ध्वनिमुद्रण शिकवायला एक मित्र येतो, त्याला मुलांनी पहिल्याच दिवशी ‘माइकदादा’ करून टाकलं. गणपतीत निम्मी वस्ती कोकणात जाते, म्हणून सगळं त्याआधी ऐकवायचं.

सुरुवातीला ‘आमची चाळ’ यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. सोळा कागद आले आणि सोळाही कागदांवर एकच चाळ होती. ‘आमच्या चाळीत सर्व जाती-धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात. आम्ही सर्व सण एकोप्याने साजरे करतो.’ अक्षर सुरेख, शुद्धलेखन चांगलं, पण एकाही ओळीत कुणाचं दार नाही, जिना नाही, भांडण नाही. हीच मुलं थोड्या वेळापूर्वी जिन्यात दप्तरं टेकवून खालच्या मजल्यावरच्या काकांची नक्कल करत होती. काका कुलूप कसं लावतात, लावल्यावर तीनदा कसं ओढून बघतात, मध्येच कुणावर कसे खेकसतात, सगळं. ती नक्कल म्हणजे लेखनच होतं. निबंधाला गुण मिळतात म्हणून मुलांनी निबंधाची भाषा उचलली, यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या भाषेत त्यांना स्वतःचं काही सांगता येत नाही, आणि हे मला फार लागतं.

पुढच्या शनिवारी पहिला तास वही-पेन बंद.

शनिवार, २१ जून

मुलांना गॅलरीत भिंतीला टेकवून बसवलं. डोळे मिटायचे आणि दहा मिनिटं नुसतं ऐकायचं. मग जे ऐकलं ते सांगायचं.

पहिल्या याद्या सगळ्यांच्या सारख्या : गाडी, हॉर्न, कावळा, कुकर, टीव्ही. मग नियम घातला. वस्तूचं नाव घ्यायचं नाही. आवाज जाड की बारीक, कुठून येतो, जवळ येतो की लांब जातो, थांबला की कोण काय करतं, एवढंच सांगायचं. बराच वेळ कुरकुर झाली. ‘ताई, कुकरला कुकर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?’ आणि मग हळूहळू एकेकाला सुचायला लागलं.

आठवीतल्या एका मुलीने लिहिलेलं इथे तसंच उतरवून ठेवते :

‘पहाटे पाणी येतं तेव्हा आधी नळ खोकतो. मग हंड्यात पडतं ते ढब्ब ढब्ब जाडं. हंडा भरत येतो तसा आवाज बारीक होत होत वर चढतो. आई बघत नाही. ती भाकरी थापत असते. आवाज वर गेला की उठते. आमचा हंडा कधी सांडत नाही.’

तिने वाचून दाखवल्यावर कुणी काही बोलेना. मग एकदम तिघं-चौघं म्हणाले, आमच्याकडे पण असंच होतं. लगेच पिंपाजवळ जाऊन करून पाहिलं. एकाचे डोळे रुमालाने बांधले, हंड्यात पाणी ओतायला सुरुवात केली आणि भरत आला असं वाटलं की हात वर करायचा असं सांगितलं. त्याने हात वर केला तेव्हा हंड्याचा काठ दोन बोटं राहिला होता. माइकदादाने कारण सांगितलं : पाणी वर येतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होत जाते, आणि पोकळी जितकी आखूड तितका सूर वरचा. पोरं बाटल्या, तांबे, डबे घेऊन तेच करत राहिली. खोलीभर पाणी झालं, ते सगळ्यांनी मिळून पुसलं.

त्या सहा-सात ओळींत ‘माझी आई कष्टाळू आहे’ असं वाक्य कुठेच नाही. तरी आई पहाटेपासून राबते आहे हे कुणालाही कळतं. मला या मुलांकडून हवं आहे ते हेच. आधी कानाने धरायचं, मग लिहायचं.

शनिवार, २८ जून

तंत्राचा दिवस. महागडी यंत्रं घ्यायची नाहीत यावर मी आणि माइकदादा ठाम होतो. मुलाच्या घरी जो फोन आहे त्यावर काम जमलं पाहिजे, नाहीतर कार्यशाळा संपली की सगळं संपतं. त्याच्याकडचा एक हँडी रेकॉर्डर बाहेरच्या आवाजांसाठी ठेवला आहे, बाकी सगळं फोनवर.

मुलांनी वहीत लिहून घेतलेलं, त्यांच्याच शब्दांत : फोन फ्लाइट मोडवर. पंखा बंद. फ्रिज असेल तर तोही बंद, आणि नंतर आठवणीने चालू. तोंडापासून फोन एक वीत लांब. फोन अगदी समोर नाही, जरा बाजूला, कारण प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून वारा सुटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फटका बसतो. हे पटवायला तळहात ओठांसमोर धरून सगळ्यांनी ‘भाकरी, फणस, पापड’ म्हटलं. ‘नारळ’ म्हटलं. फरक हाताला कळला, पुन्हा समजवावं लागलं नाही.

फाइल वेव्ह स्वरूपात ठेवायची. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो, म्हणजे मिनिटाला साधारण ५ एमबी. एमपी३ मध्ये जागा कमी लागते, पण त्यात वगळलेला आवाज नंतर परत आणता येत नाही. कुणाच्या फोनमध्ये किती जागा उरली आहे याची एक पाटी भिंतीवर लावली.

खोलीच्या घुमण्यावर बराच वेळ गेला. चाळीची खोली लहान, भिंती चुन्याच्या, फरशी उघडी. आवाज आदळून परत येतो. त्यावर उपाय घरातच मिळाला. दांडीवर कपडे वाळत असतील तिथे उभं राहायचं, नाहीतर डोक्यावरून गोधडी घ्यायची. दोन मुली एका गोधडीत शिरून संवाद म्हणत होत्या. स्टुडिओतल्या खोलीच्या तोडीचा आवाज आला, माइकदादा स्वतः चकित झाला.

शेवटचा नियम सगळ्यांना विचित्र वाटला : प्रत्येक ध्वनिमुद्रण संपलं की अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही, नुसती खोली मुद्रित करायची. जोडकाम करताना दोन वाक्यांच्या मध्ये ती खोली लागते. नाहीतर आवाज मध्येच खड्ड्यात पडल्यासारखा होतो.

शनिवार, ५ जुलै

वाक्यावर काम. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. कागदावर लांब वाक्यात डोळा हरवला तर मागे जाता येतं. कानाला मागे जाता येत नाही. क्रियापद येईपर्यंत कोण, कुठे, कधी, कशाने, हे सगळं ओझं त्याने धरून ठेवायचं असतं. म्हणून एका दमात जेवढं म्हणता येईल तेवढंच वाक्य.

नववीतल्या एका मुलाचं वाक्य : ‘गेली चाळीस वर्षे आमच्या चाळीखाली पहाटे चार वाजल्यापासून भट्टी पेटवून पाव भाजणारे व संपूर्ण वस्तीला पाव पुरवणारे बेकरीवाले चाचा आता गावी गेले.’ त्यानेच मोठ्याने वाचलं आणि मध्येच दम लागला. मी फोड करून दिली नाही. सांगितलं, शेवटचं आधी सांगून बघ. अर्ध्या तासाने आला तो हे घेऊन :

‘बेकरीवाले चाचा गावी गेले. आता पहाटे चारला काही वाजत नाही. आधी वाजायचं. भट्टीचं दार.’

मी टाळ्या वाजवल्या. न राहवून वाजवल्या.

कंस, ‘इत्यादी’, ‘वरीलप्रमाणे’ हे सगळं काढून टाकायला सांगितलं, ते कानाला ऐकू येत नाही. कोण बोलतंय ते ‘तो म्हणाला’ने सांगण्यापेक्षा समोरच्याला हाक मारून सांगावं. ‘आत्या, चहा ठेवू का?’ एवढ्यात दोन माणसं आली, नातं आलं, स्वयंपाकघरही आलं.

उद्या आषाढी. एक गट घरच्यांबरोबर वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जाणार आहे, रांगेतले टाळ आणि चपलांचे आवाज आणायला. कुणाच्याही तोंडाशी न विचारता फोन न्यायचा नाही, हे बजावून सांगितलं.

शनिवार, १२ जुलै

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

एका गटाने गिरण्यांवर कथा घेतली आहे. चौघांच्याही आजोबा-पणजोबांपैकी कुणी ना कुणी गिरणीत होतं. घरात अजून ‘भोंग्याच्या आधी’, ‘भोंगा झाल्यावर’ अशी वेळ सांगितली जाते. कथेची सुरुवात भोंग्याने करायची हे मुलांनी आपणच ठरवलं. पण भोंगा ऐकलाय कोणी? या मुलांनी नाही. मी लहानपणी ऐकला असेल, पण आज कानात नाही. मुद्रित केलेला कुठे मिळेना. एका मुलाने इंटरनेटवरून सायरन उतरवून आणला. ऐकून पाहिला तर तो युद्धातल्या इशाऱ्याचा, वरखाली होणारा.

वाद झाला. एक बाजू म्हणते, ऐकणाऱ्याला काय कळतंय, भोंगा म्हणजे भोंगाच. दुसरी बाजू म्हणते, आमचे आजोबा ऐकायला येणार आहेत, त्यांना कळेल. मी दुसऱ्या बाजूची. लालबाग-परळमध्ये, ज्यांनी सगळं आयुष्य त्या आवाजावर काढलं त्यांच्यासमोर, उसना सायरन वाजवायचा नाही. ऐकणाऱ्याला डोळ्याने पडताळून बघता येत नाही, म्हणून कानाला दिलेला शब्द जास्त पाळावा लागतो.

मग एक मुलगी म्हणाली, ‘मी आजोबांना विचारलं होतं कसा वाजायचा. त्यांनी तोंडाने करून दाखवला. मी रेकॉर्ड केलाय, पण तो काही खरा नाही.’ तिने लावला. म्हाताऱ्या गळ्यातून निघालेला लांब, सरळ, किंचित थरथरणारा ‘ऊं’. दम संपेपर्यंत. मग खोकला. मग, ‘असा. आणि आमच्या बाजूच्या मिलचा याच्याहून जाड होता.’

माझ्या अंगावर काटा आला. तिला म्हटलं, याच्याहून खरा भोंगा आता कुठे मिळणार आहे?

तर ठरलं ते असं. वस्तीतल्या जेवढ्या जुन्या गिरणी कामगारांना विचारता येईल त्यांना विचारायचं : तुमच्या मिलचा भोंगा करून दाखवा. एकामागोमाग एक ते गळे लावायचे आणि त्यावरून कथा सुरू करायची.

निघताना कुणीतरी विचारलं, ‘ताई, भोंगा बंद कधी झाला?’ एक तारीख सांगता येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकदम नाही, एकेक करून थंडावल्या. मुलं ज्या मॉलमध्ये फिरायला जातात तिथे फिनिक्स मिल होती, हे निम्म्या मुलांना माहीत होतं, निम्म्यांना नव्हतं.

शनिवार, १९ जुलै

दहा-बारा भोंगे जमले! एकही दुसऱ्यासारखा नाही. एक काका दोन भाग करतात, आधी छोटा, मग लांब, आणि सांगतात की छोटा म्हणजे ‘निघा’, लांब म्हणजे ‘दार लागलं’. एका आजींनी आवाज काढायला नकार दिला आणि त्याऐवजी भोंग्यागणिक कामं मोजून दाखवली. तेही ठेवलं.

आज एक साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर काम केलेले, आजोबा वाचनालयात आले. मूळचे तेलंगणातले पद्मशाली. मराठी बोलतात ती परळची. साचेखात्यात सगळं आयुष्य गेल्यामुळे कान अधू झाले आहेत, म्हणून फार मोठ्याने बोलतात. पहिल्याच वाक्याला पडद्यावरची रेघ लाल झाली. मुलाने घाबरून फोन बंद केला नाही, शांतपणे एक हात मागे सरकला आणि पुन्हा सुरू केला. हा मुलगा जूनमध्ये कुणाच्या डोळ्यात बघून बोलत नव्हता.

प्रश्नांची यादी मुलांनी करून आणली होती. ‘तुम्हाला तेव्हा कसं वाटायचं?’ यावर आजोबा म्हणाले, ‘बरं वाटायचं.’ ‘तुमचा अनुभव सांगा’ यावर म्हणाले, ‘काय सांगू बाळा?’ मग एकीने यादी उलटी ठेवली आणि विचारलं, ‘आजोबा, पाळीवर गेल्यावर हाताने पहिलं काम कोणतं करायचात?’ त्यासरशी गाडी सुटली. धोटा (मागावर आडवा धागा नेणारा) कसा तपासायचा, तुटलेला धागा कसा जोडायचा, धोटा उडाला तर काय व्हायचं. खात्यात इतका आवाज की शेजारच्याचं ऐकू येत नसे, म्हणून सगळं ओठांवरून आणि खुणांनी. आणि ते खुणा दाखवू लागले.

आता खुणा ऐकू कशा येणार? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी मध्ये पडले नाही. तीच मुलगी म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही आत्ता अंगठ्याने मिशी पिळली. हे काय?’ ‘जॉबर येतोय!’ जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. ‘आणि आता दोन बोटं गळ्याशी नेली?’ ‘पाणी आण.’ सगळं कानात आलं. मिशीची खूण पुढे दिवसभर खोलीत चालली, मी दारात दिसले की.

बुधवार, २३ जुलै

आज शाळा सुटल्यावर तासभरच. तारीख मुद्दाम धरली होती : १९२७ साली याच दिवशी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. देशातलं संघटित नभोवाणी प्रसारण या शहरातून सुरू झालं. आज मुलं जे करताहेत त्याला श्रुतिका आणि नभोनाट्य अशी नावं आपल्याकडे फार आधीपासून आहेत, लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या पिढ्या आहेत. कीर्तनकार एकटा उभा राहून राजा, राणी, दूत सगळे आवाजात उभे करतो, पोवाड्यात लढाई डफावर उभी राहते. कानाने गोष्ट ऐकायची सवय आपल्या घरातलीच आहे.

नंतर आवाज बनवण्याचे खेळ. नारळाच्या करवंट्या म्हणजे घोडा, पत्रा हलवला की गडगडाट, कुरकुरीत वेष्टन चुरगाळलं की आग. पावसासाठी सुपात साबुदाणा घोळवून पाहिला, फोन सुपाच्या खाली धरून. पत्र्यावरचा पाऊस हुबेहूब. बाहेर खरा पाऊस होता, पण त्यात हॉर्न फार.

शनिवार, २ ऑगस्ट

भोंग्याच्या गटातल्या एका मुलाची आजी मालवणी बोलते. संहितेत त्याने तिचं बोलणं असं लिहिलं होतं : ‘भोंगा वाजला की मी स्टोव्ह पेटवत असे. त्या काळी कोणाकडेही घड्याळ नव्हते.’ मूळ ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. आजी म्हणते, ‘भोंगो वाजलो की इस्टो पेटलो. घड्याळ होता कोणाकडे?’

दोन्ही पाठोपाठ ऐकवले. त्याला भीती होती की लोक हसतील. गटाने एकमताने सांगितलं, आजीच राहणार. निवेदन त्याच्या बोलीत, आजी तिच्या बोलीत. एखादा शब्द कळला नाही तर निवेदनाच्या पुढच्या ओळीतून आपसूक उलगडेल अशी ती ओळ लिहायची, अर्थ सांगत बसायचं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलं आपल्याच घरातल्या बोलण्याला कमी लेखायला शिकतात, आणि ते मोडायला दहा व्याख्यानांनी होत नाही. स्वतःच्या आजीचा आवाज चांगल्या स्पीकरवर एकदा ऐकला की होतं.

दुसरी गोष्ट त्याच आजींची. संपाच्या वर्षात घरातलं काय काय गहाण पडलं, कुणाकडून उसनं आणलं, हे त्या बोलण्याच्या ओघात सांगून गेल्या होत्या. काल नातवाला म्हणाल्या, ‘ता काढून टाक रे झिला. घरातला आसा.’ मुलगा आज मला म्हणतो, ‘ताई, तोच तर सगळ्यात भारी भाग आहे.’ खरंच आहे तो सगळ्यात भारी. तरी काढायचा. आणि नुसता कथेतून नाही, सगळ्या फोनमधून, लॅपटॉपमधून, आजींच्या समोर. १८ वर्षांखालच्या सगळ्या मुलांच्या पालकांची लेखी संमती आपण जूनमध्येच घेतली होती. आता मुलाखत देणाऱ्यांसाठीही नियम पक्का केला : कथा लोकांसमोर लागेपर्यंत ज्याला आपलं बोलणं मागे घ्यायचं असेल त्याने घ्यावं, कारण विचारायचं नाही.

मुलगा गप्प बसला. संध्याकाळी आजींकडे जाऊन सगळं पुसून आला आणि तिथूनच फोन केला, झालं म्हणून.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. चारच जण. ऑडॅसिटीवर जोडकाम. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि वाचनालयाच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. कापायचं ते श्वासाच्या आधी, श्वासाच्या मध्ये नाही. सगळे श्वास काढायचे नाहीत, माणूस यंत्र वाटतो. गोंगाट कमी करण्याची सोय जपून वापरायची, जास्त दाबली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. आवाजाची शेवटची पातळी मोनोसाठी उणे १९ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) धरली. पॉडकास्टवाले स्टिरिओला उणे १६ धरतात, मोनोला १९.

बेकरीची कथा सात मिनिटांवरून साडेपाचवर आली आणि कुणाला काही गेल्याचं जाणवलं नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारा मुलगा धावतच आला. काल वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात त्याचा मामा आहे. हा संध्याकाळी मामाबरोबर रिकामं घर बघायला गेला आणि तिथे काय केलं, तर टाळी वाजवून मुद्रित केली.

खोली किती घुमते हे टाळीने कळतं, हे जूनमध्ये शिकवलं होतं. त्याने घरी परतून आपल्याही खोलीत टाळी वाजवली. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची. नवं घर ५०० चौरस फुटांचं. दोन टाळ्या पाठोपाठ ऐकल्या की हे आकडे सांगावे लागत नाहीत. पहिली घुमत जाते, दुसरी भांडी, गाद्या, कपडे, माणसं यांत जागच्या जागी मुरते. त्याचं निवेदन :

‘मामाच्या घरात टाळी वाजवली तर घर पण टाळी वाजवतं. आमच्या खोलीत वाजवली तर शेजारून विचारतात, काय झालं रे?’

त्याचा गट चाळ सुटण्याच्या दुःखावर लिहीत होता. या दोन ओळींनी ते बदललं. त्याच्या आईला नवं घर हवंच आहे. मजल्याच्या टोकाच्या सार्वजनिक संडासापर्यंत रात्री-अपरात्री जायचं कुणाला हौस म्हणून आवडत नाही. मुलाच्या कथेत आईचं ते म्हणणं तितक्याच जोराने यायला हवं, असं मी सांगितलं. तो म्हणाला, आलंय, आई स्वतःच बोलली आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस कोसळतोय, शाळांना सुट्टी, हिंदमाता चौकात पाणी. आजचा सराव रद्द. गुरुवारचा कार्यक्रम मात्र ठेवला आहे, शुक्रवारपासून कोकणात जाणाऱ्यांची घाई सुरू होईल आणि मग आजीही सापडणार नाहीत. मुलांनी घरबसल्या आपापल्या खिडकीतला पाऊस पाठवला. साबुदाण्याचा पाऊस एका ठिकाणी खऱ्याने बदलला, दोन ठिकाणी मुलांना साबुदाण्याचाच जास्त पटला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

कार्यक्रम झाला. चाळीच्या चौकात, रात्री आठला. शेजारच्या मंडळाची ढोल-ताशाची तालीम रोज त्याच वेळी असते. मुलं आपणहून जाऊन बोलून आली होती, मंडळाच्या पोरांनी तालीम साडेनऊला ढकलली आणि ऐकायलाही आली.

पडद्यावर फोटो दाखवावेत असा आग्रह दोन-तीन जणांनी शेवटपर्यंत धरला होता. मी ऐकलं नाही. इतके आठवडे मुलं कानासाठी लिहीत होती, लोकांनीही कानानेच घ्यायला हवं. स्पीकर मध्ये, माणसं भोवती, काही पायऱ्यांवर, काही वर गॅलरीत कठड्याला.

पाण्याची कथा, बेकरीची कथा, टाळीची कथा, आणि शेवटी भोंगा. हंड्याचा सूर चढायला लागला तशा वरच्या गॅलरीतून दोघी-तिघी एकदम ‘भरला, भरला!’ ओरडल्या. भोंग्याच्या कथेत तिसरा की चौथा गळा चालू असताना मागून एका काकांनी आपल्या मिलचा भोंगा सुरू केला. मग आणखी एकाने. कथा ऐकू येईना. लॅपटॉपवर बसलेल्या मुलीने माझ्याकडे पाहिलंही नाही, कथा थांबवली, सगळ्यांचं होऊ दिलं, आणि मग पहिल्यापासून लावली. जुलैमध्ये तोंडाने भोंगा करून देणारे आजोबा पुढेच बसले होते. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज आला तेव्हा त्यांनी नातीला विचारलं, ‘हा मी?’

नंतरच्या गप्पांत एका काकूंनी स्पष्ट सांगितलं की पाण्याच्या गोष्टीचा शेवट लांबलाय, हंडा भरला तिथेच थांबायला हवं होतं. लिहिणारी मुलगी वही काढून ते टिपून घेत होती. मला काकूंचं म्हणणं बरोबर वाटतं. मालवणी आजींना त्यांच्या फोनमध्ये कथा घालून हवी होती, गावी ऐकवायला. घालून दिली.

शनिवार, १३ सप्टेंबर

विसर्जनानंतरची पहिली बैठक. सगळ्या मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर उतरवल्या, एक वाचनालयात, एक माइकदादाकडे. फाइलीचं नाव म्हणजे तारीख, जागा, आवाज कशाचा, आणि संमतीपत्राचा क्रमांक. कंटाळवाणं काम, मुलांनी दोन तास बसून केलं. पाण्याच्या कथेचा शेवट वीस सेकंदांनी कापला आहे.

पुढचा विषय मुलांनीच आणला. एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी काल रात्रीपासून बंद झाला. दोघं बंद होण्याआधीच त्यावरून चालून आवाज घेऊन आले आहेत : बसचे ब्रेक, खालून जाणारी लोकल, पुलाखालच्या फेरीवाल्याची हाक. त्यांना आता तिथे रोज येणाऱ्या-जाणाऱ्या, केईएम आणि टाटा रुग्णालयांत जाणाऱ्या लोकांशी बोलायचं आहे, की वळसा घालून जायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, रुग्णाशी बोलायचं तर आधी बरोबरच्या माणसाला विचारायचं, आणि नाही म्हटलं की तिथेच थांबायचं.

नवीन नावं बारा आली आहेत. पहिला तास त्यांना गॅलरीत बसवायचं काम जुन्या मुलांकडे दिलं आहे, नियम काय घालायचा तेही तेच ठरवणार. पुढच्या शनिवारी कुणीतरी दोन जादा गोधड्या आणायच्या आहेत.